सीटमागची पिन

"तुझे ते दात जरा बाजूला ठेव," नाना दारातूनच म्हणाले.

माझ्या टेबलावर एक अख्खी वरची कवळी पडली होती. मी पॉलिशचं चाक थांबवलं. "नाना, ही उद्या एका आजोबांच्या तोंडात जायची आहे. नातीच्या बारशाला हसायचंय त्यांना."

"हसू दे की. तोंड मिटून हसू दे," असं म्हणून त्यांनी काखेतला खोका टेबलावर ठेवला. ठेवला कसला, हातातून सुटलाच तो. त्या वर्षी नानांचे हात फारच थरथरायला लागले होते.

माझे सासरे, मुरलीधर कोठावदे. एअरफोर्समधून सार्जंट म्हणून रिटायर झालेले. सगळी नोकरी मिग विमानांची देखभाल करण्यात गेली. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, आणि श्रीरंग, म्हणजे माझा नवरा, नोकरीपायी सोमवार ते शुक्रवार पुण्याला. त्यामुळे नाशिकरोडच्या त्या तळमजल्यावरच्या घरात आठवडाभर आम्ही दोघंच असायचो. पुढच्या खोलीत माझी डेंटल लॅब होती. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे, मी दात, कवळ्या, टोप्या करून द्यायची. मी बडबडी, नाना मुलखाचे अबोल. दिवसाला दहा वाक्यं बोलले तरी मी श्रीरंगला फोन करून कळवायची, की आज स्वारी खुशीत आहे.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली, पण तो खोका अजून डोळ्यांसमोर आहे. कोपरे खाकी पट्टीनं चिकटवलेले, झाकणावर चंदेरी मिग-२१. आत विमानाच्या मॉडेलचे प्लास्टिकचे सुटे भाग. नानांनी कधीकाळी दिल्लीत घेतलेला, बदल्यांमागून बदल्या होऊन आमच्या माळ्यावर येऊन पडलेला, आणि एकदाही न जोडलेला.

"हे उभं करायचं," नाना म्हणाले. "सहा आठवड्यांत."

"कशासाठी?"

त्यांनी खिशातून एक पोस्टकार्ड काढलं. इंगवले नावाच्या कुणा गृहस्थांचं होतं. पुतणीच्या लेकीचं लग्न नाशिकला आहे, रविवारी सकाळी तासभर येऊन जाईन, म्हणून लिहिलं होतं. हे नाव मला ठाऊक होतं. दर दिवाळीला साताऱ्याहून त्यांचं पत्र यायचं. नाना ते दोनदा वाचायचे, कपाटात ठेवायचे आणि उत्तर कधीच धाडायचे नाहीत. मी एकदा विचारलं होतं तेव्हा "होता बरोबर" एवढंच उत्तर मिळालं होतं.

"वृंदा, मला त्याला एक गोष्ट सांगायची आहे," नाना खाली बघत म्हणाले. "तोंडानं जमत नाही. सदतीस वर्षं जमलं नाही. पत्र लिहायला घ्यायचो, तर पहिल्या ओळीपुढं जायचो नाही. आता तर पेनच धरवत नाही. हे विमान बरोबर झालं, अगदी बरोबर, तर तो नुसतं बघेल आणि त्याला कळेल. फिटर आहे तो."

एवढं लांबलचक बोलणं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी कवळी उचलून बाजूला ठेवली. आजोबांचं हसू एक दिवस पुढं गेलं.

किट मात्र अगदीच सुमार निघालं. नानांनी एकेक भाग डोळ्याजवळ नेऊन पाहिला आणि प्रत्येकाला नाक मुरडलं. चाकं गुळगुळीत, पुढचं घड्याळांचं पॅनेल म्हणजे नुसता एक स्टिकर, आणि पायलटची सीट तर आंघोळीचा पाट उभा केल्यासारखी.

"यात बसून विमान उडवणार?" नाना म्हणाले. "यात बसून माणूस फार तर दाढी करून घेईल."

श्रीरंगनं शोध घेतला, तेव्हा कळलं की अशा जुन्या किटांसाठी सुधारित सुटे भाग वेगळे विकत मिळतात. करणाऱ्या कंपन्याच निराळ्या. रेझिनमध्ये ओतलेली सीट आणि कॉकपिट, पितळेच्या पत्र्यातून कोरलेले इवलेसे खटके, खरी नक्षी असलेली चाकं. युरोपातून मागवायचे. मागवले. पार्सल यायला तीन आठवडे लागले आणि त्या तीन आठवड्यांत नानांनी पोस्टमनचा जीव नकोसा करून सोडला. शेवटी तो बिचारा आमची गल्ली आली, की लांबूनच हात हलवून "नाही, नाही" करायचा.

पार्सल आलं त्या दिवशी नानांनी ती रेझिनची सीट दोन्ही तळव्यांत धरली. अंगठ्याएवढीच होती, पण पट्टे, बकला, डोक्यामागचा उशीचा भाग, सगळं जिथल्या तिथं. "हां," ते म्हणाले. "ही सीट."

आता हाताशी तीनच आठवडे होते. माझं दातांचं काम सकाळी, विमानाचं दुपारी. नाना शेजारच्या खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकायचे.

"तिथं नको. वर. आणखी वर."

"नाना, आणखी वर गेलं तर ते छताला लागेल."

"तू कधी चढलीस मिगवर?"

"तुम्ही कधी बसवलात दात?"



नवीन कॉकपिट जुन्या विमानाच्या पोटात काही केल्या शिरेना. जुन्याला नवं ठिगळ म्हटलं की हे आलंच, कवळीच्या दुरुस्तीतही हेच होतं. मी हातमोटर घेतली आणि विमानाच्या बाजू आतून घासायला लागले. घासायचं, दिव्यासमोर धरायचं, पुन्हा घासायचं. प्लास्टिक इतकं पातळ झालं की पलीकडून माझं बोट दिसायला लागलं.

"भोक पाडशील!" नाना ओरडले.

"अर्ध्या मिलिमीटरच्या टोप्या करते मी रोज. गप्प बसा."

सासऱ्यांना गप्प बसा म्हणाले मी! जीभ चावली. पण तेवढ्यात कॉकपिट टक्कन आत बसलं. नानांनी विमान हातात घेतलं, उलटं केलं, हलवून बघितलं, काही पडलं नाही. "आमच्या सेक्शनला हवी होतीस तू," ते म्हणाले. मी त्या संध्याकाळी श्रीरंगला दोनदा फोन केला.

एकदा मला शिंक आली आणि पितळेचा एक खटका उडाला. तिळाएवढा तो. मी गुडघ्यांवर बसून फरशी चाचपली, मग लोहचुंबक घेऊन टेबलाखाली रांगत सुटले. पाच मिनिटांनी वरून नानांचा आवाज आला, "पितळ चुंबकाला चिकटतं होय गं?" आणि ते हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. खटका त्यांच्याच धोतरावर होता, तो त्यांनी केव्हाच पाहिला होता. लबाड!

त्या दिवसांत नाना बोलायला लागले होते. त्यांच्या कामाबद्दल बोलायचे, बाकी काही नाही. असंच एकदा सीट रंगवताना त्यांनी मला पिना समजावल्या. लढाऊ विमानाची सीट म्हणजे साधी खुर्ची नव्हे. विमान पडायला लागलं, तर पायलट कडी ओढतो आणि ती सीट त्याला घेऊन बाहेर उडते. जमिनीवर ती चुकून उडू नये म्हणून तिला पिना घालून ठेवायच्या, प्रत्येकीला लाल फीत. पायलट बसला, पट्टे आवळले, की खालच्या माणसानं शिडीवर उभं राहून त्या सगळ्या पिना काढायच्या आणि त्याच्यासमोर एकेक मोजून दाखवायच्या.

"आणि एखादी राहिली तर?" मी विचारलं.

"तर सीट उडत नाही," नाना म्हणाले आणि पाणी प्यायला उठून गेले.

शेवटच्या आठवड्यात विमान उभं राहिलं. चंदेरी अंग, शेपटीवर तिरंगी पट्टा, काच वर उचललेली, बाजूला शिडी. पायलट आत बसलेला. माझ्या मनात ते तसंच रिकामं ठेवायचं होतं, पण नानांना पायलट हवाच होता. शुक्रवारी ते म्हणाले, "एक पिन राहिली."

"कुठली?"

"सीटमागं. डोक्याच्या उशीच्या पाठीमागं एक भोक आहे. तिथं बसव. फीत आत दुमडलेली. फक्त टोक दिसलं पाहिजे."

मी त्यांच्याकडे बघितलं. "पण नाना, पायलट बसलाय ना?"

"बसव म्हटलं तर बसव."

बसवली. पण माझ्या मनातून जाईना. पिना काढायच्या असतात हे त्यांनीच मला शिकवलं होतं. सुट्या भागांबरोबर आलेल्या पुस्तिकेतही तेच लिहिलं होतं. आणि त्याच आठवड्यात नानांनी एकच गोळी दोनदा घेतली होती. डॉक्टरांनी मला आणि श्रीरंगला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की या कंपवाताच्या आजारात पुढं पुढं विसरायलाही होतं, लक्ष ठेवा. सहा आठवडे ज्या माणसासाठी जिवाचं रान केलं, तो येणार, फिटर येणार, आणि पहिली चूक त्याला तीच दिसणार. तो हसणार. नानांना कळणार, की आपण विसरायला लागलो.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. डॉक्टर घाईघाईत कागदावर डाव्या दाताचा नंबर लिहितात, माप मात्र उजव्याचं असतं. अशा वेळी चांगला टेक्निशियन बभ्रा करत नाही. गुपचूप उजवा दात करून पाठवतो. डॉक्टरांची अब्रू राहते, पेशंटचं काम होतं. वीस वर्षं मी हेच करत आले होते. शनिवारी दुपारी नाना झोपले असताना मी चिमट्यानं ती पिन काढली, भोकावर रंगाचा एक ठिपका दिला आणि पिन दातांच्या टोप्या ठेवायच्या डबीत टाकली. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण त्या दुपारी मला माझा केवढा अभिमान वाटला होता!

श्रीरंग त्या शनिवार-रविवारी कामामुळे पुण्यालाच अडकला होता. रविवारी दहाच्या सुमाराला इंगवलेकाका आले. उंच, ताठ, मिशा पिळदार, हातात पेढ्यांचा पुडा. दारातच म्हणाले, "कोठावदे हायेत का सार्जंट?" नाना उठून उभे राहिले. दोघं तीन हात अंतरावर तसेच थांबले. कुणालाच पुढं व्हायचं सुचेना. शेवटी मीच म्हटलं, "काका, बसा ना."

बसले. प्रकृतीचं बोलणं झालं, मुलाबाळांचं झालं, नाशिकच्या उन्हाचं झालं. मग बोलणं संपलं. काका घड्याळाकडे बघायला लागले, साडेबाराचा मुहूर्त होता. नानांनी मला खूण केली. मी आतून विमान आणून त्यांच्यासमोर टीपॉयवर ठेवलं.

"आयला!" काका एकदम पुढं सरकले. "ह्ये कुणी केलं?"

"सुनेनं."

"पोरी, हात दाखव तुझे." त्यांनी माझे हात उलटसुलट करून बघितले. मग चष्मा पुसून विमान बघायला बसले. चाकं बघितली, "नक्षी बराबर." पॅनेल बघितलं, "आरं, त्यो खटका पन हाय!" लहान मुलासारखे हरखले होते. मी नानांकडे बघत होते. नाना काकांकडे बघत होते, आणि त्यांचे दोन्ही हात मांडीखाली दाबून धरलेले होते.

"सीट बघ," नाना म्हणाले.

"बघितली. झकास."

"मागं बघ."

मी माझं कामाचं भिंग काकांना आणून दिलं. काकांनी वाकून, मान वळवून सीटमागं बघितलं. "मागं काय? सगळं चोख हाय की. पिना काढल्यात. ब्येस!"

नानांचा चेहरा पडला. इतका, की मला भीतीच वाटली. त्यांनी पुढं होऊन स्वतः बघितलं, मग माझ्याकडे वळले. "वृंदा. पिन?"

"मी काढली, नाना. पायलट बसलाय आणि पिन राहिलीय. मला वाटलं, चूक झालीय."

"चूकच होती," नाना म्हणाले. "माझी."

काकांनी भिंग खाली ठेवलं.

नाना बोलायला लागले. आवाज आजारानं बारीक झालेला, शब्द अडखळत होते, पण थांबले नाहीत. "त्या दिवशी सकाळी. पंजाबात. तू शेजारच्या विमानावर होतास. मी माझ्या पायलटला बसवलं, पिना काढल्या, मुठीत धरून दाखवल्या. मोजल्या नाहीत. आदल्या दिवशी श्रीरंग झाल्याची तार आली होती. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. खाली उतरलो. विमान गेलं. मग पिशवीत पिना टाकताना बघतो, तर एक कमी."

नानांनी काकांकडे बघितलं.

"चाळीस मिनिटं, इंगवले. चाळीस मिनिटं ते विमान वर होतं. मी कुणाला सांगायला हवं होतं. लगेच. रेडिओवरून त्याला परत बोलावलं असतं. मी नाही सांगितलं. घाबरलो. नुसता आकाशाकडे बघत उभा राहिलो. ते उतरलं, मी शिडी लावली, वर चढलो, तर भोक रिकामं. पिन नाहीच. आणि तू चालत चालत माझ्याजवळनं गेलास आणि माझ्या पिशवीत पिन टाकलीस. थांबलाही नाहीस."

"काचंवर डाग हाय म्हनलं मी सायबाला," काका हळू आवाजात म्हणाले. "तू उतरून पाठ फिरवलीस, तवा मला फितीचं टोक दिसलं. फडकं घेऊन चढलो, काच पुसली, जाता जाता वढली पिन. सायबाला बी न्हाई कळलं. मग माझ्या विमानात गुतलो, तुला लगीच द्याया जमलं न्हाई."

"तू पुढं कुणाला बोलला नाहीस."

"काय बोलायचं त्यात?"

"आणि मी तुला एक शब्द बोललो नाही. उपकार मानले नाहीत. तू दिसलास की मला ती चाळीस मिनिटं आठवायची. म्हणून तुला टाळत गेलो, बदली मागून घेतली. पत्रांना उत्तरं दिली नाहीत." नानांनी विमानाकडे बोट केलं. "वृंदानं ती पिन ठेवली असती, तर हे मला बोलावं लागलं नसतं. पण तू त्या पायलट पोराचा जीव वाचवलास आणि मला वाचवलंस. हे तुला माझ्या तोंडून कळायला पाहिजे होतं."

मला वाटलं, आता काका उठून मिठी मारतील. पण ते भडकले.

"आरं, येवढ्यापायी?" त्यांचा आवाज चढला. "सदतीस वर्सं येवढ्यापायी? त्या दिसापास्नं तू मेसमदी माझ्या पंगतीला जेवाय बसला न्हाईस. मी म्हनलं, ह्याला माझा भरवसा न्हाई. ह्याला वाटतंय, इंगवले कुठंतरी तोंड उघडंल. दर दिवाळीला पत्र टाकायचो, ते काय मला लिवायची हौस हाय व्हय? म्हनलं, कवातरी ह्याला पटंल की म्या कुनाला सांगितलं न्हाई. बायकोला बी न्हाई सांगितलं, मर्दा! ती गेली, तरी न्हाई सांगितलं!"

आणि एवढा उंचापुरा माणूस हमसून रडायला लागला. नानांनी मांडीखालचे हात काढले आणि त्यांच्या गुडघ्यावर ठेवले. हात थरथरत होते, त्यांच्याबरोबर काकांचा गुडघाही. मलाही रडू आवरलं नाही. रडतच मी नानांना म्हटलं, "मला माफ करा."

"कशाबद्दल?" नाना म्हणाले. "तू बरोबर काम केलंस."

तेवढ्यात काकांचा मोबाइल वाजला. लग्नघरून होता. त्यांनी नाक पुसलं आणि फोनमध्ये ओरडले, "मी न्हाई येत. टाका अक्षता तुमच्या तुम्ही... कोठावदेकडं हाय... कोन कोठावदे म्हंजे? माझा मैतर हाय त्यो!" आणि फोन बंद करून खिशात टाकला.

"वृंदा," नाना म्हणाले, "आम्हा दोघांची पानं घे."

मी चमकले. हात थरथरायला लागल्यापासून नाना कुणासमोर जेवत नसत. त्यांचं ताट मी खोलीत नेऊन ठेवायची आणि दार लोटून घ्यायची. श्रीरंगसमोरसुद्धा ते गेल्या वर्षभरात जेवले नव्हते. मी दोन पाट मांडले, शेजारी शेजारी. वरण-भात, वांग्याची भाजी, आणि काकांनीच आणलेले पेढे.

नानांनी पहिला घास उचलला. निम्मा भात ताटात, निम्मा धोतरावर. काकांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. वांगं मोडता मोडता ते कुठल्याशा वॉरंट ऑफिसरची नक्कल करत राहिले, आणि नाना हसत हसत, सांडत सांडत, पोटभर जेवले.